ट्रकच्या चाकातला आवाज पुन्हा पुन्हा येतोय? हब उघडण्याआधी हे तपासा

गळीत हंगाम संपला की सांगली-मिरज भागातल्या गॅरेजांपुढे ट्रकची रांग लागते आणि निम्म्या ड्रायव्हरांच्या तोंडी एकच वाक्य असतं : "मिस्त्री, मागनं घूं आवाज येतुया. बेअरिंग गेलंय, बदलून टाका." रोगही त्यांनीच ठरवलेला असतो आणि औषधही. बेअरिंग बदलून द्यायला आमची ना नाही, मजुरी मिळते. पण बेअरिंग बदलूनही तोच आवाज घेऊन कितीतरी गाड्या परत येतात, कारण आवाज टायरचा असतो. मग मालक टायर बदलतो. चार-सहा महिने शांततेत जातात आणि नव्या टायरलाही तोच सूर लागतो, कारण टायरला तसं झिजवणारं कारण गाडीतच राहिलेलं असतं. हा फेरा कुठे मोडायचा, ते खाली लिहितोय. बोलणं सहा चाकी आणि दहा चाकी मालगाड्यांचं आहे. छोट्या टेम्पोलाही बरंचसं लागू पडेल.

लक्षणं : कसला आवाज, आणि तो कशाने बदलतो

केबिनमध्ये बसून आवाज कुठून येतो हे सांगणं अवघड असतं. चेसिस लोखंडाची, त्यावर रिकामी बॉडी, त्यामुळे मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घराचा, आवाज पायाखाली वाजतो. म्हणून "कुठून येतो" यापेक्षा "कशाने बदलतो" ते आधी बघायचं.

एकसारखा घूं किंवा हूं आवाज. ताशी ३५-४० च्या पुढे सुरू होतो, वेग वाढला की सूर चढतो. ॲक्सिलरेटर सोडला तरी वेग तोच असेपर्यंत आवाजही तोच राहतो. रस्ता बदलला, म्हणजे डांबर संपून काँक्रीट लागलं, की आवाजाचा पोत बदलतो. हा बहुतेक वेळा टायरच.

घरघर किंवा खरखर, जात्यासारखी. रस्ता बदलला तरी तीच राहते, पण वळणावर कमी-जास्त होते. बेअरिंगचा संशय इथे घ्यायचा.

टक-टक किंवा धप-धप, चाकाच्या फेऱ्याबरोबर. हळू जाताना स्पष्ट, वेगात मिसळून जातो. अडकलेला दगड, सैल नट, टायरला आलेला फुगा, यांपैकी काहीतरी.

सुंईं असा बारीक आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की येतो, सोडला की जातो किंवा सूर पालटतो. याचा चाकाशी संबंध नाही, मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनकडे, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या गिअरकडे, बघावं लागतं.

ब्रेकवर पाय ठेवला की येणारा किंवा थांबणारा चीं-चीं, खर्र असा आवाज. लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, आणि ते ज्याला घासतं तो ड्रम.

गाडी उचलताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच "कट्ट". शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, नाहीतर पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) सैल यू-बोल्ट.

आवाजाबरोबर जळका वास, हबजवळून धूर, स्टिअरिंगला थरथर किंवा गाडी एका बाजूला ओढणं, यांतलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि शेवटी "कुठे थांबायचं" म्हणून लिहिलंय तो भाग आधी वाचा.

पहिली तपासणी फुकट : कान

गाडी रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा ऐका. फक्त भरलेल्या गाडीलाच आवाज येत असेल तर टायर मडगार्डला किंवा बॉडीला घासतोय का, किंवा मागे शेजारीशेजारी जोडीने लावलेले दोन टायर पोट सुटून एकमेकांना घासतायत का, ते बघा. अशा घासण्याचा काळा चकचकीत पट्टा टायरच्या बाजूवर दिसतो.

क्लीनरला डाव्या खिडकीत बसवा, दोन्ही काचा खाली घ्या, रेडिओ बंद. भिंतीला लागून गाडी गेली की त्या बाजूचा आवाज आपटून परत येतो. उड्डाणपुलाच्या कठड्याजवळ हे चांगलं कळतं, आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात तर फारच चांगलं. डाव्या लेनने बोगद्यात शिरल्यावर आवाज एकदम अंगावर आला तर डाव्या बाजूची चाकं आधी बघा. बोगद्यात रेंगाळायचं मात्र नाही, जाता जाता कान द्यायचा.

सपाट, मोकळा रस्ता बघून ४०-५० च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा. आवाज बदलला तर तो इंजिनकडून चाकाकडे जाणाऱ्या साखळीतला, म्हणजे गिअर, शाफ्ट, क्राउन-पिनियन यांचा. बदलला नाही तर चाक, टायर किंवा हबचा. ही एक परीक्षा निम्मं काम करते, आणि निम्म्या गाड्यांना कोणी ती घेतलेलीच नसते. गाडी न्यूट्रलला टाकून ऐकायची सवय काहींना आहे. सपाटीला, मागेपुढे कोणी नसताना क्षणभर ठीक आहे. उतारावर अजिबात नाही, कुंभार्ली घाटात तर मुळीच नाही. गिअर सुटलेली भरली गाडी नुसत्या ब्रेकवर सावरायची म्हणजे लायनर जाळून घ्यायचे.

आता रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे करा, लेन न सोडता. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावं, हा पहिला अंदाज. ऊस भरलेल्या गाडीवर हे करू नका. मोळ्या बॉडीच्या वरपर्यंत रचलेल्या असतात, गाडी डोलायला लागली की आवरत नाही.

टक-टक आवाजाला आणखी सोपी युक्ती आहे. टायरच्या बाजूवर खडूने मोठी रेघ मारा. गाडी माणसाच्या चालीने न्या आणि क्लीनरला लांब उभा राहून रेघ आणि ठोका दोन्ही मोजायला सांगा. एका फेऱ्याला एकच ठोका पडत असेल तर दोष चाकात. फेऱ्याला चार-पाच-सहा ठोके पडत असतील तर शाफ्टमध्ये, कारण शाफ्ट चाकाच्या साधारण चार ते सहापट फिरतो. १०.०० - २० साइजच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ताशी १२ किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरा मारतं. केबिनमधून घड्याळ बघूनही हा हिशेब जमतो.

गाडीभोवती एक फेरी

गाडी सपाटीला, इंजिन बंद, चाकांना दगड. टॉर्च घ्या.

आधी जोडीतल्या दोन टायरांच्या फटीत बघा. खडीचा रस्ता झाला असेल तर तिथे हमखास दगड सापडतो. टक-टक तर करतोच, पण दोन्ही टायरांच्या बाजू आतून कापतो, आणि वेगात सुटला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या डोक्यात बसतो. टॉमीने (लोखंडी दांडीने) काढा. काढताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

ऊसवाल्यांसाठी खास : हबला गुंडाळलेलं पाचट आणि दोरी. फडातून गाडी बाहेर काढताना पाचट चाकाबरोबर फिरतं, ड्रमच्या मागे जाऊन बसतं आणि वाळलं की खसखस करतं. ड्रम तापला तर तेच पेट घेतं. हंगामात हे रोज काढलं पाहिजे. क्लीनरला पाच मिनिटांचं काम आहे.

मडगार्डची सुटलेली पट्टी, लोंबणारा चिखलरोधक रबर, एअरचा सैल पाइप, हे सगळं एका नजरेत बघून घ्या. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त बघायला विसरू नका.

हवा, विशेषतः आतल्या टायरची

टायरला दांडकं मारून हवा बघणारे खूप आहेत. दांडक्याने एवढंच कळतं की टायर बसलाय की नाही. ११० आणि ८५ मधला फरक दांडक्याला कळत नाही, गेजला कळतो. आमच्याकडच्या १०.०० - २० टायरांना साधारण ११० ते १२० पीएसआय हवा चालते, पण खरा आकडा टायरच्या बाजूवर आणि गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. हवा थंड टायरची बघायची, म्हणजे सकाळी गाडी निघायच्या आधी. पळून आलेल्या गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसते. ती वाढलेली दिसली म्हणून सोडून दिली तर टायर थंड झाल्यावर कमी भरते.

आतल्या टायरचा वॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. इथेच आवाजाची सुरुवात होते. केंद्र सरकारने २०१८ साली भारमर्यादा वाढवली तेव्हा दहा चाकी गाडीची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली आणि मागच्या जोड-ॲक्सलची २१ टनांवर. आठ टायरांत सारखा वाटा केला तर प्रत्येकाला २,६०० किलोच्या वर. जोडीसाठी टायर किती किलो पेलतो तेही त्याच्या बाजूवर छापलेलं असतं, आकडे ताडून बघा. फार शिल्लक राहत नाही. आता आतल्या टायरची हवा कमी झाली की त्याचा वाटा बाहेरच्यावर जातो. बाहेरचा जास्त तापतो आणि आतला नुसता घसपटत मागे येतो. घसपटणारा टायर गोल झिजत नाही, खड्ड्याखड्ड्यांनी झिजतो आणि घूं करायला लागतो. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन नळी लावून घ्या, स्वस्त असते. गेज स्वतःचं ठेवा. पंक्चरच्या दुकानातलं गेज किती वेळा आपटलंय ते आपल्याला माहीत नसतं.

एक धोक्याची गोष्ट. ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त घट असताना धावलेला टायर, म्हणजे ११० ऐवजी ८८ किंवा त्याखाली, तसाच हवा मारून रस्त्यावर काढू नका. त्याच्या बाजूतल्या तारा आत दुमडून तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरताना टायर फाटू शकतो. तो उतरवून आतून बघायचा, आणि हवा सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्यातच भरायची. ट्यूबवाल्या टायरच्या लॉक रिंगचंही (टायरला रिमवर धरून ठेवणाऱ्या कडीचंही) तसंच. हवा असताना रिंगला हातोडा मारून बसवणारा माणूस दिसला तर तिथून दूर व्हा. हे काम घरी करायचं नाही.

टायरवरून हात फिरवा

बहुतेक आवाज इथेच सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाताला जाड फडकं गुंडाळा, झिजलेल्या टायरची तार बोटात घुसते. आधी तळवा टायरच्या घेराच्या दिशेने पुढे फिरवा, मग उलटा मागे. नंतर आडवा, आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे आणि परत. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लगेच कळतं.

एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचणारं, घेराच्या दिशेने असेल तर नक्षीचे ठोकळे करवतीच्या दातासारखे झिजलेत. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच, एक खाली. मागच्या ओढीच्या चाकांवर जाड ठोकळ्यांची नक्षी असते, तिथे थोडं असं होतंच. पण हवा कमी ठेवली आणि टायर वेळेवर फिरवले नाहीत की ते वाढतं, आणि घूं आवाजाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. टायर जागा बदलून लावले, म्हणजे फिरण्याची दिशा उलट झाली, की दात हळूहळू बसतात. टायरवर दिशेचा बाण असेल तर मात्र टायरवाल्याला विचारून.

आडवा हात फिरवताना एका बाजूला गुळगुळीत आणि परत येताना बोचतंय, तर टो बिघडलाय, म्हणजे पुढची दोन चाकं समांतर चालत नाहीत. चाक थोडं आडवं ओढलं जातं आणि रबर खरवडलं जातं. याला टायर बदलणं हे औषध नाही. आधी टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीचे) बॉल जॉइंट, मग अलाइनमेंट, मग टायर.

घेरावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागत असतील तर चाक उड्या मारतंय. शॉकअब्सॉर्बर गेलेले, बॅलन्सिंग नाही, किंवा हब बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा. इथे टायर आवाज करतो आणि बेअरिंग त्याला ते शिकवतं, म्हणून दोन्ही तपासायचे. फक्त एकच गुळगुळीत चट्टा लागला तर ब्रेक जाम होऊन चाक घसरलं होतं. तो चट्टा धप-धप करत राहणार.

फक्त एक कड झिजली असेल तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), वाकलेली ॲक्सल किंवा कायमचं जास्त वजन. आणि कुठेही फुगा किंवा उंचवटा लागला, विशेषतः रेडियल टायरला, तर आतले थर सुटलेत. असा टायर हळू जाताना धप-धप करतो आणि पुढे असेल तर स्टिअरिंग डोलवतो. तो त्याच दिवशी काढायचा. "साखर कारखान्यापर्यंत जातो की" म्हणून पुढे गेलेल्या अशा टायरचा पट्टा हायवेच्या कडेला पडलेला तुम्हीही बघितला असेल.

जोडीतले दोन टायर एकाच उंचीचे आहेत का तेही बघा. एक नवा, एक झिजलेला लावला की उंच टायर वजन घेतो आणि बुटका घसपटतो. दोन्हींच्या व्यासात सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. सरळ पट्टी दोन्ही टायरांवर आडवी ठेवली की फट दिसते.

खात्री करायची असेल तर संशयाच्या जागी स्टेपनी लावा आणि तोच रस्ता परत फिरा. आवाज गेला तर टायर पकडला. आवाज तसाच राहिला तर टायर सुटला आणि हबकडे जायला आता कारण मिळालं. मजुरी दोन चाकं काढण्या-घालण्याची, आणि वाचतं ते बेअरिंगचं बिल. तासगावकडून बेदाणा घेऊन जाणाऱ्या एका गाडीचं मागचं एक बेअरिंग दुसरीकडे बदललं होतं आणि मालक वैतागून आमच्याकडे आला होता. आतला टायर काढून जमिनीवर आडवा टाकला आणि हात फिरवला, तर तळव्याला सगळीकडे खळगे. वॉल्व्हची टोपी गंजून चिकटलेली, म्हणजे त्या टायरची हवा कोणी किती दिवसांत बघितली नव्हती ते कळलंच.

रिमोल्ड टायरला (जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरला) उगाच नावं ठेवतात. चांगल्या ठिकाणी केलेला रिमोल्ड मागच्या जोडीत बिनतक्रार चालतो, फक्त नवा असताना थोडा जास्त गुणगुणतो. पुढच्या चाकांवर मात्र मी तो लावू देत नाही. आणि नक्षीच्या खोबणीतल्या खुणेपर्यंत झिजलेला टायर, म्हणजे १.६ मिलिमीटर, हा कायद्याचा शेवट आहे. पावसाळ्यात आंबा घाट उतरायचा असेल तर त्याच्या बरंच आधी बदला.

नट

प्रत्येक नटाच्या मुळाशी बघा. गंजाची लाल रेघ रिमवर उतरलेली किंवा नटाभोवती घासून चकाकलेला गोल दिसला तर तो नट सैल होऊन फिरतोय. हलका टक-टक किंवा चाक फिरताना कुरकुर इथूनच येते. सैल नटाने रिमचं भोक लंबगोल होतं, मग कितीही आवळा, नट बसत नाही. अशी रिम भंगारातच.

एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, तुटला असेल तर त्याच्या शेजारचे दोन्ही बदलतो, कारण तुटलेल्याचं वजन त्यांनी उचललेलं असतं. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या हबचे सगळे. यात काटकसर नको. चाक निघून पुढे पळालं तर समोर कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

चाकपान्याला लांब पाइप घालून दोघांनी उभं राहून आवळायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने स्टड ताणला जातो आणि पुढच्या खेपेला तुटतो. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर पुस्तकातल्या आकड्याला, समोरासमोरचे नट घेत घेत. रिम आणि ड्रम जिथे एकमेकांना टेकतात त्या जागा बसवण्याआधी तारेच्या ब्रशने साफ करा. मध्ये गंज आणि रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि आज घट्ट असलेला नट उद्या सैल होतो. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघून घ्या.

उष्णता

पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा, शेवटच्या टप्प्यात ब्रेक कमीत कमी वापरा, आणि बाजूला उभी करा. प्रत्येक हबजवळ आधी हाताची पाठ न टेकवता न्या. धग लागत नसेल तरच टेकवा. डावं-उजवं ताडून बघायचं, एकट्या हबवरून काही ठरत नाही. मधला हबच तापलाय आणि ड्रम त्यामानाने थंड, तर बेअरिंग. ड्रम आणि रिम तापलीय, हब कमी, तर ब्रेक सुटत नाहीये. बंदुकीसारखा थर्मामीटर मिळतो, तो घेतला तर भाजायची भीतीही नाही आणि आकडे वहीत लिहिता येतात. फार तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

जॅक लावून

इथून पुढे दोघेजण लागतात. गाडी रिकामी, जमीन टणक, बाकी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि जॅकखेरीज ॲक्सलखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. मागचं चाक फिरवायला पार्किंग ब्रेक सोडावा लागतो, म्हणून दगडांना पर्याय नाही.

पुढचं चाक उचललं की वर-खाली धरून हलवा, टायरखाली पहार घालून वर उचला. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो हब बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडचे जॉइंट. ही परीक्षा मिनिटभराची आहे, आणि किंगपिन गेलेल्या गाडीला बेअरिंग घालण्याचा खर्च वाचवते.

मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून बोटांना लागते, कानाला येत नसली तरी. एकाच जागी खर्र होत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय किंवा मागची पत्रा-प्लेट वाकून टेकलीय. लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागले की धातूवर धातूचा आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

जॅक खाली घेण्याआधी यू-बोल्ट बघा आणि टेप काढा. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत डावं अंतर आणि उजवं अंतर मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. फरक मोठा असेल तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलीय. गाडी तिरकी चालते, सगळे टायर आडवे घासतात, आणि कितीही नवे टायर घाला, आवाज परत येतो. सांगली-पेठ रस्त्याच्या खड्ड्यांवर वर्षं काढलेल्या गाड्यांत मला हे पुष्कळदा सापडलंय. टेप दीडशे-दोनशे रुपयांची येते.

हब उघडणं

इथवर येऊन संशय हबवरच टिकला असेल तरच. मागच्या हबचं काम अनुभवी माणसाकडेच द्या, बेअरिंगचा शेवटचा आवळा चुकला तर नवं बेअरिंगही जळतं. घट्ट झालं तर तापतं, सैल राहिलं तर टायरला खळगे पाडतं. पण उघडताना समोर उभे राहा आणि ग्रीस बघा. पांढरट, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कृष्णेच्या काठच्या गाड्या हबभर पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर बऱ्याच मालकांनी इंजिन आणि वायरिंग बघितलं, हब बघितलेच नाहीत. काही महिन्यांनी घरघर सुरू झाली. रोलरवर गंजाचे टिपके पडले की ते जात नाहीत. पुढे कधी पूर आला आणि गाडी हबपर्यंत बुडाली, तर पहिली फेरी मारण्याआधी सगळे हब धुऊन नवं ग्रीस भरून घ्या.

रोलर निळे-जांभळे पडलेत तर बेअरिंग जळलंय. ग्रीसमध्ये चमचम दिसली तर धातू झडलाय. बेअरिंग बदलताना आतला भाग आणि हबमध्ये बसलेला बाहेरचा कप, दोन्ही बदला. नव्या रोलरला जुना कप ठेवला तर आवाज पंधरवड्यात परत. सील नवंच घाला. जुन्यावर दुसऱ्या जातीचं ग्रीस भरू नका, दोन्ही मिळून पातळ होऊन गळू शकतात आणि लायनर भिजवतात.

कुठे थांबायचं

हब इतका तापलाय की हात जवळ नेववत नाही, धूर किंवा जळका वास येतोय : गाडी तिथेच. टायर तापून पेटायच्या बेतात असेल तर लांब उभे राहा, अग्निशमनला फोन करा.

टायरला फुगा, बाजूला चीर, तार बाहेर, किंवा कमी हवेवर धावलेला टायर : टायरवाला, पिंजऱ्यासह.

स्टड तुटलेले, भोक लंबगोल, चाक डोलतंय : एक किलोमीटरही नाही. मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.

किंगपिन, टाय रॉड, ॲक्सल सरकलेली : गॅरेज आणि अलाइनमेंटची मशिन. दोरीने केलेलं अलाइनमेंट तात्पुरतं.

ॲक्सिलरेटरबरोबर बदलणारा आवाज, हाउसिंगमधून तेल : क्राउन-पिनियनचं काम रस्त्यावर होत नाही. तेलाची पातळी बघा, त्यापुढे हात लावू नका.

आणि ब्रेकचा कुठलाही भाग उघडायचा असेल, तर ज्याने एअर ब्रेकचं काम केलेलं नाही त्याने स्प्रिंगच्या चेंबरला हात लावू नये. आतली स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, क्लॅम्प खोलला की जीव घेते.

मिस्त्रीला फोन करताना "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. कुठल्या वेगाला येतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं, वळणावर काय होतं, कुठला हब गरम, शेवटचं चाक कधी काढलं, हे सांगा. अर्धं निदान फोनवरच होतं आणि माणूस योग्य सामान घेऊन निघतो.

काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून सगळे नट पुन्हा त्याच टॉर्कला बघा, नव्या टायरवाल्या आणि नव्या स्टडवाल्या चाकांचे नक्की. मग ज्या रस्त्यावर आवाज ऐकला होता त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, काचा खाली घेऊन परत ऐका. टायरची जागा बदलली असेल तर ठोकळ्यांचे दात बसेपर्यंत थोडा आवाज राहील, तो दर आठवड्याला उतरत गेला पाहिजे. उतरत नसेल तर टेप आणि पहार घेऊन पुन्हा जॅकपाशी या.